शिफारशीची फळी आणि लेखक-भेटी : वाचक मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

पुढच्या लेखक-भेटीला सहा आठवडे उरले आहेत. पुस्तकांच्या दुकानातल्या आपल्या शिफारशीच्या फळीसाठी आलेली नवी पुस्तके न वाचता पडून आहेत आणि मदतनिसांच्या यादीत चारच नावे आहेत. चारही दर वेळचीच.

आधी ऋण मान्य करतो. शिफारशीची दर्शनी फळी ज्यांनी स्वतः रंधा मारून, खाली बोटभर कठडा ठेवून करून दिली ते तुम्हा सर्वांना माहीत आहेत. नाव छापलेले त्यांना आवडत नाही. त्या फळीमुळे नव्या पुस्तकाचे मुखपृष्ठ वाचकासमोर येते. नुसता कणा दिसणाऱ्या रांगेत अनोळखी लेखकाकडे हात जात नाही, हे दुकानात दहा मिनिटे उभे राहिले तरी दिसते. ध्वनिवर्धक देणाऱ्या ताईंनी सोबत जादा तार, सेल आणि चिकटपट्टीही दिली. किती कार्यक्रम त्या जादा सेलांवर निभावले आहेत! घडीच्या खुर्च्या देणारे दांपत्य, आणि पुस्तकाची शिफारस लिहिलेले प्रत्येक कार्ड तपासणारे आपले मुद्रितशोधक काका यांचे आभार मानावे तेवढे थोडे. अनुवादित पुस्तकाच्या कार्डावर अनुवादकाचे नाव आलेच पाहिजे, हा आग्रह काकांचाच, आणि तो योग्यच आहे.

आता कामाचे. कार्ड लिहिणे सोपे वाटते आणि तिथेच ते बिघडते. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला की ‘हृदयस्पर्शी’, ‘अवश्य वाचावे असे’ एवढेच हाती लागते, आणि ते कुठल्याही पुस्तकाला चालते. म्हणून आपली पद्धत अशी : एक पुस्तक दोघांनी, तीन आठवड्यांत, शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. मग ४० ते ६० शब्द. पुस्तक कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, त्यातली एखादी नेमकी गोष्ट (शेवट फोडायचा नाही), कोणाला आवडेल आणि कोणाला कदाचित आवडणार नाही. हे शेवटचे लिहायला लोक कचरतात, पण त्याच ओळीमुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. दोघांचे मत जुळले नाही तर दोन्ही मते लिहा, भांडण मिटवू नका. खाली वाचणाऱ्याचे नाव, मागे आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख-क्रमांक. पुठ्ठाबांधणीच्या आणि साध्या बांधणीच्या आवृत्तीचा क्रमांक वेगळा असतो; तो नसला की मागणी भलत्याच आवृत्तीची जाते. २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे. उतरवताना शेजारचे दोन अंक उलटे पडले तर शेवटचा पडताळणीचा अंक बहुधा चूक पकडतो, पण त्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, उदाहरणार्थ २ आणि ७, तर पकडत नाही. तेव्हा क्रमांक दोनदा वाचा. पुस्तकाच्या प्रती संपल्या की कार्ड त्याच दिवशी काढा, नाहीतर वाचक विचारतो आणि हिरमुसून जातो. आणि उशीर नको : परतीच्या बोलीवर आलेल्या प्रती मुदत संपली की परत जातात. त्यानंतर लागलेले कार्ड रिकाम्या जागेची शिफारस करते.

लेखक-भेटीत वेळ हातचा निसटतो तो वाचनात. छापील पान मोठ्याने वाचायला साधारण दोन मिनिटे लागतात, म्हणजे १५ मिनिटांत सातच पाने. हे लेखकाला आधी सांगावे लागते. प्रश्नांसाठी वेगळा माईक हवा. नसेल तर सूत्रधाराने प्रत्येक प्रश्न पुन्हा उच्चारावा, नाहीतर मागच्या रांगेला नुसती उत्तरेच ऐकू येतात. स्पीकर माईकच्या पुढे ठेवायचे, मागे नाहीत. मागे ठेवले की शिट्टी वाजते. सहीसाठी दर माणशी एक मिनिट धरा. वाचकाचे नाव चिठ्ठीवर आधीच लिहून चिठ्ठी शीर्षकपानाशी खोचली की स्पेलिंग विचारण्यात आणि पान शोधण्यात वेळ जात नाही. गुळगुळीत कागदावर ओली शाई पुसटते, टिपकागद जवळ असू द्या. आणि बिल आधी, सही नंतर. सही झालेली, पण न विकलेली प्रत प्रकाशक परत घेत नाही; चिकटपट्टी लागलेली किंवा कोपरे दुमडलेलीही नाही. हा सगळा तोटा दुकानाच्या अंगावर पडतो.

मनाला लागलेली एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. मागच्या वेळी ‘नक्की येतो’ म्हणालेले पुष्कळ जण आले नाहीत. त्यांच्या भरवशावर मागवलेल्या प्रती तशाच खोक्यांत भरून परत पाठवाव्या लागल्या. येता आले नाही याबद्दल तक्रार नाही. चार दिवस आधी कळवले असते तर प्रती कमी मागवल्या असत्या, एवढेच. मदतीचे गेले आवाहनही बहुतेकांनी वाचले, पण उत्तर फार थोड्यांनी दिले.

‘दुकान खाजगी, मग देणगी कशाला?’ असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. देणग्यांच्या निधीतून दुकानाला काहीही जात नाही. तो लेखकाच्या प्रवासाला, ध्वनियंत्रणेच्या दुरुस्तीला, कार्डांच्या कागदाला आणि प्रकाशक आगाऊ रक्कम मागतो तेव्हा प्रतींच्या अनामतीला लागतो. अनामत विक्रीनंतर निधीत परत येते. हिशेब प्रत्येक भेटीनंतर फलकावर लावला जातो.

हवे आहे ते असे : वाचक १२ (कथा-कादंबरीला आहेत, कविता, विज्ञान आणि बालसाहित्याला कोणी नाही). कार्यक्रमाच्या दिवशी ८ जण : दार १, खुर्च्या २, बिलापाशी १, सहीच्या टेबलाशी २, ध्वनी १, खोकी बांधायला १ (पोकळ जागेत कागद कोंबता येणारा, सैल खोक्यात कोपरे मोडतात). एक तास आधी यावे, शेवटपर्यंत थांबावे. निधी : निदान एका पुस्तकाच्या छापील किमतीइतका, पावती घ्यावी. वस्तू : १०० पुठ्ठा-कार्डे, टिपकागद, सेल. नावे दुकानातल्या मंडळाच्या वहीत १० तारखेपर्यंत नोंदवावीत. प्रतींची मागणी ११ ला जाते. येणार असाल तर किती जण आणि प्रत हवी की नको, हेही त्याच ओळीत लिहावे.

आपला,
सचिव, वाचक मंडळ