रॉयल्टीची आगाऊ रक्कम हातात आल्यावर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षं ओढाताण सोसून तू ते यंत्र उभं केलंस, त्याचं चीज झालं. आता त्याच्या पेटंटवरच्या रॉयल्टीची, म्हणजे कंपनी विक्रीवर देते त्या टक्क्याची, आगाऊ रक्कम आलीय, तर काही गोष्टी वेळेवर व्हायला हव्यात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी आगाऊ रकमेबद्दल. बहुतेक करारांत ती पुढच्या रॉयल्टीतून वळती करून घेतात. समज, आगाऊ शंभर मिळाले आणि दर तिमाहीला वीस रॉयल्टी होते, तर पहिल्या पाच तिमाह्या हातात काहीच पडत नाही. सहावी तिमाही संपून हिशेब व्हायचा, त्यावर पैसे द्यायला 60 दिवसांची मुदत. म्हणजे तब्बल वीस महिने घर याच रकमेवर चालवायचं आहे. तुझ्या करारात काय लिहिलंय ते आजच बघ, आणि तेवढ्या महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढ.

त्याहीआधी कराचं बघ. रक्कम जमा होईल त्याच दिवशी, कर सल्लागार नेमका आकडा सांगेपर्यंत, एक तृतीयांश वेगळ्या खात्यात टाक आणि त्याला हात लावू नकोस. देणाऱ्याने कर कापून पैसे दिले असतील तर त्याचं प्रमाणपत्र मागून घे. ते नसेल तर त्याच पैशावर दोनदा कर भरायची पाळी येते. पेटंट कायमचं विकलं की वापरायला दिलं, यावरही पुष्कळ देशांत कराचा हिशेब बदलतो. म्हणून पुढचा कुठलाही करार सही करण्याआधी सल्लागाराला दाखव.

कर्जांत व्याजदर सर्वांत जास्त असलेलं आधी फेड, मग ती रक्कम छोटी असो वा मोठी. मुदतीआधी फेडल्याचा दंड किती, ते विचार. फेडल्यावर ना-देय दाखला आणि गहाण ठेवलेली मूळ कागदपत्रं दोन्ही घेऊनच परत ये. नातेवाइकांकडून घेतलेलं मात्र व्याज नसलं तरी फार लांबवू नकोस. आणि अंगावर काढलेली दुखणी, दाताची, डोळ्याची, ती आता आधी दाखव. हा खर्च चैनीचा नाही.

रॉयल्टीचं खरं पाणी मुरतं ते 'निव्वळ विक्री'च्या, म्हणजे वजावटी जाऊन उरलेल्या ज्या रकमेवर टक्का मोजतात तिच्या, व्याख्येत. परत आलेला माल, वाहतूक आणि विक्रीकर वजा होणं रास्त आहे. 'इतर खर्च' असं मोघम कलम असलं की टक्का कागदावर तसाच राहतो आणि रक्कम आटते. कंपनीने आपल्याच दुसऱ्या कंपनीला स्वस्तात विकलं तर कुठली किंमत धरायची, हेही लिहिलेलं हवं. दर तिमाहीच्या तक्त्यात नग, प्रति नग किंमत, वजावटी आणि टक्का असे चारही आकडे माग आणि स्वतः गुणाकार करून बघ. हिशेबवह्या तपासण्याचा हक्क आणि किमान वार्षिक रॉयल्टी, ही दोन कलमं नसतील तर करार वाढवताना घालून घे.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं चालतं, मंजुरीच्या नव्हे. मंजुरीला चार वर्षं लागली असतील तर उरली सोळाच. नूतनीकरण शुल्क कोण भरणार ते करारात पक्कं कर. तारीख चुकली तर साधारण सहा महिन्यांची सवलत मिळते, जादा शुल्कासह. तीही गेली तर पेटंट रद्द होतं आणि रॉयल्टीचा पायाच जातो. दुसऱ्या देशात अर्ज करायचा असेल तर पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत कर, म्हणजे मूळ तारीख टिकते.

अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध झाला की 'आंतरराष्ट्रीय नोंदणी'चं शुल्क मागणारी सरकारी दिसणारी बिलं येतात. ती फसवणूक असते. तुझ्या पेटंट एजंटला विचारल्याशिवाय एकही पैसा भरू नकोस.

दुसऱ्या शोधाची घाई समजते मला, पण त्याला या पैशातला ठरावीक वाटाच दे. अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयर यांनी 1844 मध्ये व्हल्कनाइज्ड, म्हणजे गंधकासह तापवून टिकाऊ केलेल्या, रबराचं पेटंट मिळवलं, मग खटले आणि भव्य प्रदर्शनं यांत पैसा ओतला. 1855 मध्ये पॅरिसला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं आणि 1860 मध्ये गेले ते डोक्यावर मोठं कर्ज ठेवूनच. शोध अस्सल होता, खर्चाला मर्यादा नव्हती.

वजावटीच्या कलमाची पानं मला पाठव. पुढच्या तिमाहीचा तक्ता यायच्या आत आपण ती ओळ न् ओळ वाचू.

तुझाच,
मित्र