शिमग्याच्या रात्री सहाणेवर भेटलेल्या काकांना

काका,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. सहाणेवरून, म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावरून, पालखी देवळाकडे वळली, माणसं तिच्यामागे धावली आणि त्या गर्दीत तुम्ही दिसेनासे झालात. पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल आणि तालुक्याच्या गावी पूर्वी तुमचा फोटो स्टुडिओ होता, एवढंच मला तुमच्याबद्दल ठाऊक आहे. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्या रत्नागिरीकडचं कुणी वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल.

एक गोष्ट मी तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा देणारे ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझे वडील. अण्णांना यंदा 76 वर्षं पूर्ण झाली. आमचा भद्रेचा शिमगा, म्हणजे होम, आमची होळी, पौर्णिमेचा. त्याच्या आदल्या रात्री जेवता जेवता ते म्हणाले, "पुढल्या वर्षापासून खांदा धाकट्याने द्यायचा." आवाज नेहमीचाच होता, पण आई भात वाढता वाढता थांबली. मला त्यांचा पालखी नाचवतानाचा फोटो हवा होता. होम, मशाली आणि अण्णा, सगळं एका फोटोत. आणि त्यासाठी आता एकच रात्र उरली होती.

त्याआधीचे तीन शिमगे मी हाच फोटो काढू पाहत होते. फ्लॅश उडवला की चेहरा पिठासारखा पांढरा आणि मागे मिट्ट काळोख. ना होम, ना गाव. अण्णा एकटेच कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत पालखी घेऊन उभे आहेत असं वाटायचं. फ्लॅश बंद केला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 6400 वर नेऊनही सगळी सरमिसळ, खांदा कुठला आणि चेहरा कुठला कळू नये.

मी कुणाकुणाला विचारलं नाही? ठाण्यात रविवारच्या वर्गाला सहा हजार रुपये भरले. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की फ्लॅश हा शब्दच विसरा, ते अडाण्यांचं काम. मी गप्प बसले. दुकानदाराने महागडी लेन्स गळ्यात मारली, तिनेही अण्णा हललेलेच आले. आणि ज्याला म्हणून विचारावं तो आधी माझ्या हातातून कॅमेरा काढून घ्यायचा. भराभर चार बटणं दाबायची, एक फोटो काढायचा, "हे बघा, येतो की!" म्हणायचं आणि परत द्यायचा. त्याने काय केलं ते मला कधीच कळलं नाही. पन्नाशीतल्या बाईला समजावत बसायला वेळ कुणाला आहे? त्या वागण्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी लपवणार नाही.

म्हणून त्या रात्री तुम्ही शेजारी येऊन "काय होतंय, बाय?" असं विचारलंत, तेव्हा मी सवयीने कॅमेरा तुमच्यापुढे धरला. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे नेलेत. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलंत आणि म्हणालात, "तुझ्याच हातात राहू दे. बटण तूच दाबायचंस."

काका, हा फोटो त्या एका हालचालीमुळे आला. तुम्ही सांगितलेलं नंतर सगळं नीट समजलं, पण ते समजायला मी तयार झाले ती तुमचे हात पाठीमागे गेलेले पाहून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हे जमेल असं धरून चाललं होतं.

मग तुम्ही ढोलांच्या गोंगाटात, माझ्या कानाशी वाकून सांगितलंत. फ्लॅशचा उजेड जवळच्या माणसावर पडतो, अंतर दुप्पट झालं की चौथाईच उरतो, मागच्या होमापर्यंत तो पोचणार कसा? आणि शटर, म्हणजे कॅमेऱ्याचं दार, सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शात मिटलं तर होमाच्या उजेडाला आत यायला वेळच मिळत नाही. "फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात चमकून जातो. माणूस त्याने जागच्या जागी थांबतो. तू दार पाव सेकंद उघडं ठेव, मशालीला आत येऊ दे." वर्गात इतके तास बसून जे उमगलं नव्हतं ते या दोन वाक्यांत उमगलं. एका फोटोत दोन उजेड असतात आणि दोघांना आपापला वेळ द्यायचा असतो.

फ्लॅश शेवटी उडवायचा हेही तुम्हीच सांगितलंत. तो आधी उडाला की चेहरा आधी उमटतो, मशालीची रेघ पुढे धावते आणि माणूस उलटा चालल्यासारखा दिसतो. शेवटी उडाला की रेघ मागे राहते. माझ्या कॅमेऱ्यात ती सोय होती, चार वर्षं होती, मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन-तीन फोटोंत मी घाई केली. तुम्ही हसला नाहीत. "पहिली लुकलुक खरी नव्हे, ती कॅमेऱ्याने घेतलेला अंदाज. दुसरी येईपर्यंत हलू नको." आणि मग, "ढोलाची थाप पडायच्या जरा आधी दाब. थापेबरोबर पालखी वर जाईल, तेव्हा तुझा फ्लॅश उडेल." याशिका कॅमेऱ्यात 36 फोटोंचा रोल घालून लग्नं काढलेल्या माणसालाच असं थांबणं माहीत असणार.

मांडवाच्या सजावटीतला नारिंगी जिलेटिन कागदाचा एक तुकडा खाली पडला होता. तो उचलून तुम्ही माझ्या हातात दिलात, फ्लॅशवर लावायला. तेवढ्यासाठीही तुम्ही कॅमेऱ्याला हात लावला नाहीत. फ्लॅशचा उजेड भर दुपारचा आणि मशालीचा केशरी, दोन्ही फटकून दिसतात, म्हणालात. अण्णांच्या चेहऱ्यावर आज होमाचा रंग आहे तो त्या तुकड्यामुळे. आणि खांदेकऱ्यांच्या डोळ्यांवर समोरून फ्लॅश मारू नकोस, पाऊल चुकेल, बाजूला उभी राहा, हेही सांगितलंत. अण्णांचे गुडघे तुम्हाला कुठे ठाऊक होते?

आमच्या गावाकडे अजून अशी माणसं आहेत. वाट विचारली तर बोट न दाखवता वळणापर्यंत सोबत येणारी, विहिरीवर अनोळखी बाईला कळशी उचलून देऊन पुढे जाणारी. ती कशाचा हिशेब ठेवत नाहीत, म्हणून त्यांची दखलही कुणी घेत नाही. तुमची घ्यावी असं मला फार वाटलं.

फोटो कसा आला ते सांगायचं राहिलं. अण्णांचा चेहरा स्वच्छ आहे, कपाळावरच्या गुलालाचा कण न् कण दिसतो. मागे मशालींच्या लांब केशरी रेघा आहेत, देवाच्या रुप्यांवर, म्हणजे पालखीतल्या मुखवट्यांवर, होमाचा उजेड आहे, आणि त्याच्याही मागे सगळं गाव आहे, थोडं हललेलं. अण्णांनी तो चष्मा लावून पाहिला. मग चष्मा काढून, पुसून पुन्हा पाहिला. "मशाली दिसतात," एवढंच म्हणाले. तो आता ओटीवर, आजोबांच्या फोटोशेजारी लावला आहे.

एक प्रत तुमच्यासाठी काढून घेतली आहे, 8 बाय 12 ची. ती गुरवांच्या घरी ठेवली आहे. मागच्या बाजूला मी तारीख लिहिली, गावाचं नाव लिहिलं. तुमच्या नावाची जागा कोरी आहे. आलात की तेवढं सांगा, मी माझ्या हाताने लिहीन.

तुमची,
सहाणेवरची बाय