सुरक्षा झडपेचे दुसरे काम

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१२ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ१० रॉकेटबद्दल ‘क्रायोजेनिक टप्प्यात बिघाड’ एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. अतिशीत द्रव इंधनावर चालणाऱ्या या वरच्या टप्प्यातील बिघाडाचे मूळ एका सुरक्षा झडपेत होते. रासायनिक कारखान्यात अशाच झडपांच्या देखभालीत माझी नोकरीची वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला उकळतो. टाकीत थोडी उष्णता शिरली तरी वाफ होऊन दाब चढतो, आणि तो जादा दाब बाहेर सोडण्यासाठी झडप असते. चौकशी समितीच्या मते, उघडझाप, घाण किंवा अतिशीत अवस्थेत जोडणीवर आलेला ताण यांपैकी कशाने तरी तिच्या मऊ सीलला इजा झाली असावी आणि ती गळू लागली असावी. त्यामुळे इंजिन पेटण्याच्या वेळी टाकीतला दाब कमी पडला, टाकीत बसवलेला, मुख्य पंपाकडे इंधन ढकलणारा बूस्टर पंप नीट चालला नाही, मुख्य पंपाला पुरेसे इंधन पोहोचले नाही आणि मोहीम ३०७ व्या सेकंदाला संपली. आधीचे दोन्ही टप्पे व्यवस्थित चालले होते.

सुरक्षा झडप वेळेवर उघडली पाहिजे, हे सगळेच जाणतात. इतर वेळी ती घट्ट मिटलेली राहिली पाहिजे, हे तिचे दुसरे काम मात्र दुर्लक्षित राहते. ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ (म्हणजे मिटलेला असूनही गळतोय) असे आमचा फिटर सांगे, तेव्हा सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकून मिटते त्या जागी, बहुधा कणभर कचरा सापडे. आम्ही झडप उतरवून सीट लॅप करू, म्हणजे घासून पुन्हा गुळगुळीत करू शकत होतो. उड्डाणात ती सोय नाही. म्हणूनच समितीने झडप भक्कम करण्यावर न थांबता, इंजिन पेटण्यापूर्वी टाकीतला दाब पुरेसा राखणारी वेगळी यंत्रणा सुचवली, हे मला फार मोलाचे वाटते. २९ मे २०२३ रोजी जीएसएलव्ही-एफ१२ यशस्वी झाले.

मे २०२४ मध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स यानात बसलेल्या असताना अमेरिकेच्या ॲटलास रॉकेटच्या सेंटॉर या वरच्या टप्प्यावरील ऑक्सिजन टाकीची झडप सेकंदाला सुमारे ४० वेळा थरथरू लागली. उड्डाण थांबवून ती बदलण्यात आली आणि अशी झडप दोन लाख आवर्तनांसाठी (उघडझापींसाठी) प्रमाणित असल्याचे रॉकेटच्या कंपनीने उड्डाण थांबले त्याच दिवशी जाहीर सांगितले. गगनयान ज्या एलव्हीएम३ रॉकेटवर जाणार आहे, त्याचा वरचा टप्पाही द्रवरूप हायड्रोजनवरच चालतो. तेव्हा इस्रोने निष्कर्षांच्या सारांशासोबत झडपांच्या चाचण्यांचे आकडेही प्रसिद्ध करावेत, आणि आपल्या वार्ताहरांनी ते आवर्जून मागावेत, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला वाचक
(निवृत्त देखभाल अभियंता, अंबरनाथ)