ऑर्गन उभा करणाऱ्या हातांचे आभार

चार स्टॉप (एकेका आवाजाच्या नळ्यांचे संच), प्रत्येकी 54 नळ्या, म्हणजे एकूण 216. हा जुना चेंबर ऑर्गन, म्हणजे छोटा नळ्यांचा ऑर्गन, चर्चमध्ये पुन्हा वाजतोय तो नाव न सांगता राबलेल्यांमुळे.

ऑर्गन सुटा करताना प्रत्येक नळीला स्वराची चिठ्ठी बांधणाऱ्यांचे आभार. शिसे-कथलाची नळी फार मऊ, मुखाचा ओठ अंगठ्याने जरा दबला तरी स्वर बिघडतो. टेम्पोत एकही नळी दुसरीवर ठेवली नाहीत!

भात्याचं चामडं बदलणाऱ्या सुतारकाकांनी फेव्हिकॉलला हात लावला नाही. सरस गरम पाण्यात भांडं ठेवून, न उकळता पातळ केला. सरसाचा सांधा पुढच्या दुरुस्तीला ओल्या उष्णतेने सुटतो. स्लायडर, म्हणजे एकेका संचाचा वारा चालू-बंद करणाऱ्या सरकत्या लाकडी पट्ट्या, तेही त्यांनी बेताने घासले. पावसाळ्यात ते फुगून अडकतात म्हणून जास्त घासले, तर कोरड्या हवेत वारा गळतो आणि शेजारच्या नळ्या कुजबुजतात.

सूर लावताना पंखे बंद करून घामाघूम बसलेल्या मंडळींचेही आभार. एका अंशाच्या फरकानेही नळ्यांचा स्वर हलतो.

एक लाकडी नळी अजून खोकते. तिचा बूच बघायला याल तेव्हा चहा आमच्याकडे.