बाबांच्या मिशनमधल्या कागदांविषयी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

ट्रंकेतली पत्रं तारखेनुसार लावायला घेऊ नका. जे ज्या गठ्ठ्यात आहे ते तिथंच राहू द्या. कशासोबत काय ठेवलंय, यावरूनही बरंच कळतं. फक्त रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या काढा. पाकिटं ठेवा, कारण पत्रावर तारीख नसली तरी पोस्टाच्या शिक्क्यात ती सापडते.

एरोग्रामच्या, म्हणजे घडी घालून पाठवायच्या हवाई पत्राच्या, पातळ कागदातून मागची शाई दिसते. स्कॅन करताना मागे काळा कागद घातला की ती दबते. ४०० डीपीआय, रंगीत पुरे. घडीच्या पट्ट्याही उलटून बघा, आईचा मजकूर बहुधा तिथंच कोंबलेला असणार.

स्लाइडच्या एखाद्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो लगेच वेगळा करा. ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की तिच्या वाफेनं शेजारच्याही बिघडतात. कोडॅकच्या चौकटीवर छापलेला महिना रोल धुतल्याचा असतो, फोटोचा नव्हे. दूरच्या केंद्रावरून रोल धुवायला जाऊन येईपर्यंत नाताळच्या फोटोवर एप्रिलसुद्धा पडतो.

बाबा, नावांचं काम मात्र तुमचंच. प्रार्थनापत्रं देणगीदारांसाठी लिहिलेली. त्यांत बाप्तिस्मे येतात, नवी इमारत येते. मिशनरींचे आपसातले वाद सहसा येत नाहीत. फोटोंखालीही मिशनऱ्यांची नावं, आणि बाकीचे नुसते ‘सुवार्तिक’, ‘बायबल वुमन’ (म्हणजे बायकांना बायबल सांगणारी बाई), ‘स्वयंपाकी’. भाषा शिकवली त्यांनी, गावोगाव वाट काढली त्यांनी! त्यांच्याशिवाय तुमचं काम मला अर्धंच कळेल. नाव-गाव फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल चालत नाही, तिथं फोटो पाकिटात घालायच्या आधी पाकिटावर लिहा. नक्की आठवत नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका.

दुसरी बाजू संस्थेच्या दप्तरात. लंडन मिशनरी सोसायटीचे कागद लंडनच्या सोआस ग्रंथालयात आहेत, चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात, अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात. तुमच्या संस्थेचे कुठे ठेवलेत ते तिच्या कचेरीला विचारायचं. जुने अहवाल सहसा बघायला मिळतात, पण मिशनरीची वैयक्तिक फाइल बरीच वर्षं बंद ठेवतात. तुमच्या सहीचं संमतीपत्र असलं तर विचारणं सोपं जाईल. त्यात पूर्ण नाव, सेवेची वर्षं आणि केंद्राचं नाव त्या काळच्या स्पेलिंगनं घाला. गावाचं नाव पुढे बदललं असेल तर जुन्या सूचीत आजचं सापडणार नाही. खाली तारीख घालून दोन प्रती करा.

तुमची लेक