शाडूवरचं ओलं फडकं

कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं शाडूचं डोकं ठीक आहे. सकाळी कामावर जायच्या आधी आणि रात्री आल्यावर फडकं ओलं करतो, वरनं प्लॅस्टिक गुंडाळतो. परवा डबल शिफ्ट लागली आणि डाव्या कानाला बारीक चीर गेली. शाहूपुरीत कुंभार गल्लीत जाऊन विचारलं. म्हणाले, पातळ भाग आधी सुकतो, पाणी शिंपडा, बोटानं दाबू नका. दाबलेलं नाही.

फडकं काढलं की चेहरा समोर येतो. कपाळावर तुझ्या अंगठ्याचे ठसे आहेत आणि तोंडाच्या जागी नुसता खड्डा. आधी वाटलं, काम अर्धं राहिलंय. पण कानाची पाळीसुद्धा इतकी निगुतीनं करणारा तू तोंड विसरशील कसा? वर्षभर तू ताटावर गप्प बसायचास आणि मी म्हणायचो, "मिठाची गुळणी धरलीयस काय?"

एक सांगायचं राहिलंय. तुझी काळ्या रंगातली दोन चित्रं माळ्यावर नाहीत. गेल्या दिवाळीत मी ती बंबात घातली, घरात अवकळा नको म्हणून. शाहू महाराज १९२२ साली गेले, तेव्हा त्यांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली चित्रं कोटीतीर्थ तळ्यात सोडली, असं सांगतात. त्यांची होती, त्यांनी सोडली. तुझी जाळायचा मला काय अधिकार? चुकलो रे.

तुझ्या कपाटातलं केथे कोलविट्स या जर्मन शिल्पकार बाईवरचं पुस्तक बघितलं. तिचा धाकटा मुलगा पीटर १९१४ च्या लढाईत गेला. आई-बापाच्या दोन मूर्ती पुऱ्या करून बेल्जियममधे त्याला पुरलं त्या दफनभूमीत बसवायला तिला १९३२ उजाडलं. मधे काम टाकलं, पुन्हा धरलं. गुडघ्यावर बसलेला बाप दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून बसलाय. तो फोटो बघवेना. पुस्तक मिटलं आणि तुझ्या आईजवळ जाऊन बसलो.

फाउंड्रीत आम्ही वाळूच्या साच्याला सुईनं व्हेंट, म्हणजे बारीक भोकं, मारतो. रस ओतला की वायू तिथनं निघून जातो. नाहीतर कास्टिंगच्या पोटात ब्लो होल, म्हणजे पोकळी, राहतं, वरनं कळतही नाही. पंचवीस वर्षं नव्या पोरांना हे शिकवतोय. घरातल्या पोरानं कागदावर तेच केलं, तर मला ते अशुभ वाटलं.

गोळ्या मात्र चुकवू नकोस. मातीनं मन हलकं होईल, पण औषधाचं काम औषधच करणार. डॉक्टरांपुढं शब्द फुटले नाहीत तर चित्रांची वही पुढं कर. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर आधी मला उठव. आमच्याशी बोलवत नसेल, तर १४४१६ लाव. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

तोंडाच्या जागेला मी हात लावलेला नाही. रविवारी फोन कर. बोलावंसं नाही वाटलं तर नुसता लाव, मी धरून बसतो.

तुझे,
बाबा