शनिवारच्या बेताला मंगळवारी गहू भिजवा

संपादक महोदय,

शनिवार-रविवारच्या बेतासाठी आपल्या पुरवणीत ज्यू पदार्थांच्या कृती आल्या, हे चांगले झाले. पण त्यात बेगल होते, हुमूस होते. रायगडात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, एकही पदार्थ नव्हता. शिवाय पुरवणी हाती पडली शनिवारी सकाळी. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो शुक्रवारी सूर्यास्ताला, आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नसते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणूनच तर या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेव्हा शनिवारचे जेवण शुक्रवारी दुपारी तयार हवे, आणि जोडीला चिकाचा हलवा हवा असेल तर गहू मंगळवारी सकाळीच भिजायला हवेत.

हलवा मुळात रोश हशाना या नव्या वर्षाच्या सणाचा. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवायचे. पाणी रोज बदलायचे, उन्हाळ्यात दोनदा. नाहीतर गहू आंबतात आणि तो वास साखरेनेही झाकत नाही. गुरुवारी संध्याकाळी वाटून, फडक्यातून दोन-तीनदा पिळून चीक काढावा आणि रात्रभर हलवू नये. सकाळी वरचे पिवळसर पाणी अलगद ओतून टाकावे. ही निवळ राहिली तर हलवा कितीही आटवला तरी सैल राहतो.

खाली बसलेला दाट चीक दोन वाट्या धरला, तर त्याला तीन नारळांचे आठ वाट्या दूध, तीन वाट्या साखर आणि चिमूटभर मीठ. सगळे गार असतानाच जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मग आच लावावी. तापलेल्या दुधात चीक ओतला की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. पुढे हात थांबवायचा नाही. मिश्रण लवकर घट्ट होते आणि झाले असे वाटते, पण तेव्हा ते कच्चेच असते. आच मंद करून तासभर तरी घोटावे, कडेने खोबरेल सुटू लागेपर्यंत. थेंबभर गार ताटलीवर टाकावा. निवल्यावर बोटाला चिकटला नाही तर वेलची घालून ताटात ओतावे, वर बदाम-पिस्त्याचे काप. ताटाला तूप लावू नये, सुटलेले तेल पुरते. काही घरांत चायना ग्रास घालतात. वड्या झटपट पडतात खऱ्या, पण त्या चावताना तुटतात, चिकाचा चिवट मऊपणा राहत नाही. वेळ नसेल तर सरळ दुसरे काहीतरी गोड करावे.

गाईचे दूध का नाही, हा प्रश्न पाककृती लिहिणाऱ्यांना पडलेला दिसत नाही. मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप यांतले काही चालत नाही, आणि जेवणानंतरही काही तास नाही. नारळाच्या दुधामुळे हाच हलवा मटणानंतर खाता येतो. त्यामुळे रश्शात क्रीम, मटणाच्या मुरवणात दही असे ‘चवीपुरते’ बदल सुचवले की पदार्थ कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाण्याजोगा, राहत नाही.

माशांना पर आणि खवले दोन्ही लागतात. पापलेट, रावस, बांगडा चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी नाहीत. तुकडे आणले तर खवले होते की नव्हते हे कळत नाही, म्हणून मासा अख्खा घेऊन समोर साफ करून घ्यावा. शुक्रवारी रात्री कालवण, शनिवारी दुपारी तळलेले तुकडे अशी विभागणी बरी, कारण नारळाच्या दुधाचे कालवण मुंबईच्या हवेत बाहेर ठेवले तर सकाळपर्यंत टिकत नाही. दाट दूध शेवटी घालून एक वाफ आली की उतरवावे. आमसूल घालून खळखळ उकळले की ते फाटते.

शुक्रवारच्या किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या स्वागताला द्राक्षारसावर म्हणायच्या प्रार्थनेला, द्राक्षारस नसेल तर काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालून, कुस्करून, गाळून सरबत करतात.

शनिवारच्या अंकात छापायचाच असेल तर मलिदा छापा, तो शब्बाथ सुटल्यावर करता येतो. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा हा मलिदा पोह्यांचा असतो. पोळी कुस्करून तुपात केलेला मलिदा वेगळा, आणि छापील कृतींत दोघांची सर्रास सरमिसळ होते. अर्धा किलो जाड पोहे धुऊन लगेच चाळणीत निथळावेत. पाण्यात राहिले तर लगदा होतो. पाव किलो साखर किंवा गूळ, एका नारळाचा चव, वेलची, जायफळ, सुका मेवा घालून हलक्या हाताने मिसळावे. वर फळे, निदान पाच प्रकारची. त्यांत खजूर आणि केळे दोन्ही असावीत: खजुरावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात, केळ्यावर जमिनीतून येणाऱ्या फळाचा.

— एक वाचक, ठाणे